पाहिल्याशिवाय ‘हाव’ नाही

डोमाजींना ‘जेवण झालं का?’ असं विचारलं तर ते लगेच उत्तर देत नसत. क्षणभर थांबत, उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत आणि मग म्हणत, ‘हाव, झालं.’ ‘बाहेर पाऊस थांबला का हो?’ असं मी गल्ल्यावरून सहज विचारावं, तर हा माणूस स्टुलावरून उठे, दाराबाहेर तळहात धरून उभा राही, आत येऊन हात पुसे आणि मग सांगे. आमच्याकडे होकाराला ‘हाव’ म्हणतात. माझ्या पुण्याच्या साडूला तो शब्द ऐकून हसू येतं, कारण त्याच्याकडे हाव म्हणजे अधाशीपणा. आम्ही वर्ध्याकडची माणसं दिवसातून शंभर वेळा हाव म्हणतो, निम्म्या वेळा तर समोरच्याचं ऐकलेलंही नसतं. डोमाजी तेवढे त्या एका शब्दाच्या बाबतीत कमालीचे चिकट होते. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटे, मग वैताग आला, आणि कारण कळलं तेव्हा दोन्ही गेलं.

सेलूच्या बसस्टँडसमोर माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. बल्ब, ट्यूबलाइट, चोक, वायरी, लग्नाच्या मोसमात झगमगत्या माळा. डोमाजी इखार हे विजेच्या खात्यात लाइनमन. उंच, हडकुळे, खाकी पँटच्या खिशात कायम पक्कड, सायकलला मागे दोराचं वेटोळं. नव्वद सालानंतरची दोनतीन वर्षं झाली असतील, ते पहिल्यांदा दुकानात आले आणि म्हणाले, ‘शेठ, कमीत कमी उजेड देनारी टॉर्च दाखवा.’

मी बारा वर्षं दुकान चालवत होतो. कमी उजेड मागणारं गिऱ्हाईक पहिलंच. मी म्हटलं, ‘सेल उतरलेली टॉर्च देऊ का? माझ्याकडे चारपाच आहेत.’ ते हसले नाहीत. एक साधी टॉर्च घेतली, शेजारच्या दुकानातून पतंगाचा लाल कागद आणला, चार घड्या करून काचेवर बसवला, माझ्याच काउंटरवरचा रबर लावला आणि टेबलाखाली वाकून पेटवून पाहिली. ‘आता बरी हाय,’ म्हणाले. ‘लाल उजेडानं डोळा बिघडत नाई.’

‘कशासाठी पण?’

‘अंधार पाहाले जातो मी.’

मला वाटलं, खात्यात खांबावर चढून चढून माणसाला एखादा झटका बसला असावा. सायकलवर टांग टाकून ते गेले, आणि स्टँडवरच्या दिव्याखालून जाताना त्यांनी एक डोळा मिटून घेतलेला मी पाहिला. पुढे कळलं की ती त्यांची नेहमीची रीत. एक डोळा ते उजेडापासून उपाशी ठेवत आणि गावाबाहेर पडल्यावर तो उघडत.

डोमाजींनी आभाळावरचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. सप्तर्षींना ते खाटलं म्हणत. चार तारे म्हणजे खाटल्याचे चार खूर, आणि मागचे तीन म्हणजे खाटलं चोरून नेणारे तीन चोर. त्यांच्या आईनं सांगितलं होतं तेवढं. मात्र अंधार मोजायची त्यांची स्वतःची एक पद्धत होती, आणि ती कुठल्याही मास्तरानं शिकवलेली नव्हती. नव्या जागी गेलं की ते जमिनीवर बारदाना टाकून वीस मिनिटं नुसते बसत. बिडी नाही, बोलणं नाही. मग खाटल्याच्या चार खुरांच्या आत किती बारीक तारे दिसतात ते मोजत. सेलूत माझ्या गच्चीवरून शून्य. गावाबाहेरच्या नाल्यावरून एक. ‘या जागी दोन’, ‘त्या जागी तीन’, असं ते एखाद्या विहिरीचं पाणी सांगावं तसं सांगत.

आणि दिवसा हाच माणूस खांब उभे करत असे! त्या वर्षांत गावोगाव दिवे येत होते. वर्ध्याला लागून सिंदी मेघेत लेआउटवर लेआउट पडत होते, सावंगीला मोठा दवाखाना वाढत होता आणि दक्षिणेकडचं आभाळ वर्षागणिक पिवळं होत होतं. एखाद्या वस्तीत पहिला बल्ब लागला की लोक डोमाजींच्या कपाळाला कुंकू लावत, पेढा देत. ते पेढा खात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना नमस्कार करत, आणि संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन सुतक लागल्यासारखे बसत. ‘हिंगणीकडची ती जागा गेली, शेठ. आज मीच उजेड केला तिथी.’

मी म्हणायचो, ‘दिवसा उजेड वाटता आणि संध्याकाळी अंधार शोधता. खात्याचा पगार घेता की चंद्राचा?’

‘चांदाचा तं नाईच,’ ते म्हणत. ‘चांद म्हंजे सगळ्यात मोठा खांब.’

मी त्यांच्याबरोबर कधी जाऊ लागलो, ते नीट आठवत नाही. माझ्याकडे लूना होती आणि घरी टीव्हीवरून भांडणं होती, एवढं पुरेसं होतं. केळझरची टेकडी झाली. तिथून नागपूरकडचा उजेड आडवा येई. बोर धरणाकडे गेलो. तिथं सरकारी कॉलनीचे दिवे. खाटलं उत्तरेला असतं, म्हणून त्यांना उत्तर काळी हवी होती. इतर कुठल्याही दिशेला एखादा बल्ब त्यांनी खपवून घेतला असता. मी एकदा विचारलं, ‘उत्तरेचंच काय एवढं?’ तेव्हा त्यांनी उलट मला विचारलं, ‘तुमच्या लग्नात भटजीनं अरुंधती दाखोली होती का?’

‘दाखवली ना.’

‘दिसली?’

‘हो.’

‘शेठ, खरं सांगा.’

आम्ही दोघे एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो होतो. मला माझं लग्न आठवलं. मांडवाच्या तोंडाशी हॅलोजन, भटजींना दुसऱ्या लग्नाची घाई, मला सपाटून भूक. भटजींनी वर बोट केलं, ‘ती वसिष्ठाच्या शेजारची बारीक, दिसते ना?’ मी म्हटलं दिसते, बायकोनं म्हटलं दिसते. मला तर त्या बोटापलीकडे मांडवाची झालरसुद्धा धड दिसत नव्हती. लग्नात अरुंधती पाहिल्याचं सांगणाऱ्या दहा जणांना खोदून विचारा. नऊ जण माझ्यासारखेच निघतील.

‘नाही दिसली,’ मी म्हटलं.

डोमाजींनी सुस्कारा सोडला. ‘मधल्या चोराच्या बगलेत पाहा. एकदम बारीक.’ मी पाहिलं. होती. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर मला अरुंधती दिसली, आणि खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

बोडखा आम्हाला सापडला तो चुकीनं. हिंगणीच्या पुढे, कारंज्याकडे जाणाऱ्या आडरस्त्यावर लूना पंक्चर झाली, म्हणून ढकलत एका दगडी पठारावर आलो. तिथं कुसळांशिवाय काही उगवत नाही. गुरंसुद्धा पलीकडून वळतात. खालच्या वस्तीतले लोक त्या पठाराला बोडखा म्हणतात. उन्हाळ्यात तर तो आमच्या जिल्ह्याचा वाटतच नाही, कुण्या वाळवंटी मुलखातून उचलून आणून टाकल्यासारखा दिसतो. आम्ही बारदाना टाकला. वीस मिनिटांनी डोमाजी मोजू लागले, थांबले, पुन्हा मोजू लागले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. ‘सात,’ म्हणाले. ‘खाटल्यात सात हायेत, शेठ.’

पण बोडख्यानं आम्हाला सुखासुखी घेतलं नाही. पुढच्या अवसेला संध्याकाळचे तिथं बसलो होतो, तर वस्तीतले सातआठ लोक काठ्या घेऊन वर आले. अवसेच्या दिवशी उजाड माळावर दोन माणसं दिवा न लावता बसलीत, म्हणजे ती गुप्तधनच काढणार, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. एकानं थेट आमच्या तोंडावर टॉर्च मारली. ‘लिंबू कोठी ठेवले रे?’

‘टॉर्च बंद करा आंधी!’ डोमाजी ओरडले. ‘माई वीस मिनटं गेली ना!’

या वाक्यानं लोक जास्तच चिडले. आमच्या पिशव्या उलट्या केल्या. त्यातून थर्मास, चिवडा आणि लाल कागदाची टॉर्च निघाली. कागदाचा लाल रंग पाहून एकजण दोन पावलं मागं सरला. मी मनातल्या मनात घरच्यांचा निरोप घेत होतो. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं डोमाजींना ओळखलं. ‘अरे, हा तं आपला लाइनवाला हाय. यानंच नाई का विजेची डीपी बसोली?’ मग सगळे खाली बसले, चिवडा संपला, आणि डोमाजींनी त्यांना खाटलं अन् चोर दाखवले. म्हातारा म्हणाला, ‘बाप्पा, चोर तिथी हायेत अन् आम्ही तुमाले धरून राह्यलो.’ उठताना मात्र त्यानं हलक्या आवाजात विचारलं, ‘पन लाइनमन, तुमी कोनाले शोधून राह्यले? खरं सांगा.’ डोमाजी बारदाना झटकू लागले. परत येताना मीही तोच प्रश्न विचारला, आणि त्या दिवशी त्यांनी मला महादेवचं सांगितलं.

महादेव त्यांच्याबरोबरचा लाइनमन. दोघे एकाच महिन्यात नोकरीला लागलेले, एकाच ताटात जेवणारे. सुनंदा त्याची एकुलती एक पोर, तेव्हा जेमतेम चार वर्षांची. उन्हाळ्यात दोघे एका लग्नाला गेले होते. मांडवात डोमाजींनीच हॅलोजन लावून दिले होते. भटजींनी नवरानवरीला अरुंधती दाखवली, तेव्हा महादेव जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं म्हणाला, ‘मले तं बाप्पा कधीच दिसली नाई. माया लग्नात मी असाच हाव म्हनलो.’ शेजारचा कुणी पोक्त माणूस म्हणाला की ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिने काढत नाही. पंगत हसली. महादेव सगळ्यांत जास्त हसला.

दोन महिन्यांनी एका गावची लाइन बिघडली. खांबावर महादेव चढणार होता आणि डोमाजी स्विचपाशी होते. त्या स्विचला वर तीन पाती असतात. खालचा दांडा ओढला की तिन्ही पाती उघडतात आणि लाइन मरते. पण जुन्या स्विचचं एखादं पातं कधी कधी चिकटून राहतं. म्हणून दांडा ओढल्यावर मान वर करून तिन्ही पाती उघडी दिसतात का, ते पाहायचं असतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच शिकवतात. डोमाजींनी दांडा ओढला. दिवस मावळत होता, डास चावत होते, घरी पाहुणे यायचे होते.

‘त्यानं तिकून इचारलं, बंद झाली का? मी म्हनलं, हाव, चढ.’

लूनाच्या उजेडात रस्ता तेवढा दिसत होता.

चौकशीत स्विच जुना होता असं निघालं, आणि ते खोटं नव्हतं. डोमाजींनी वर पाहिलं होतं का, हे कुणी विचारलंच नाही. ‘इचारलं असतं तं सांगतलं असतं,’ ते म्हणाले. ‘मंग महादेवच्या बायकोपुढं गेलो. तिनं माये पाय धरले, म्हने भाऊजी, आता तुमीच हाये. कसा सांगू?’ त्या बाईच्या डोक्यात मात्र अरुंधती पक्की बसली होती. नवऱ्याला दिसली नाही म्हणून तो गेला. उद्या पोरीला दिसली नाही तर? लग्नाचं कोणी नाव काढलं की ती आधी तेच बोले. आणि डोमाजींनी तिला शब्द दिला होता, सुनंदाच्या लग्नात तिला अशा जागी नेईन, की ती अरुंधती स्वतःच्या डोळ्यानं पाहून मगच हाव म्हणेल.

‘अन् तिथीच तिले बापाचं सांगीन,’ ते म्हणाले. ‘अंधारात सांगता येते, शेठ. तोंड दिसत नाई.’

मी म्हटलं, ‘नका सांगू. पोरीला तुमच्याशिवाय कोण आहे? सांगून तिचा बाप परत येणार आहे का?’ मला वाटलं होतं, मी त्यांचं ओझं हलकं करतोय. ते एवढंच म्हणाले, ‘तुमी दुकानदार मानूस, तुमी सगळ्यायले हाव म्हनता.’ मला ते लागलं. अजूनही लागतं.

सुनंदाला शाळेत सायकलवर सोडणं, दाखले काढणं, दहावीच्या निकालाला वर्ध्याला नेणं, सगळं डोमाजींनी केलं. ती त्यांना काका म्हणे आणि त्यांच्याशी भांडेही. ‘काका, तुमी इतका वेळ विचार करून उत्तर देता, माया पेपर असता तर तीन तासात एकच प्रश्न झाला असता!’ ते हसत. पण तिनं बापाचा विषय काढला की उठून पाणी प्यायला जात. ते पाणी पीत नसत, नुसते माठापाशी उभे राहत. मी दोनदा पाहिलं आहे.

मग भारनियमनाची वर्षं आली. दिवसाचे बारा बारा तास वीज नाही. माझ्या दुकानात इन्व्हर्टर आणि मेणबत्त्या सोडून काही खपेना, शेतकरी खात्याच्या दारात मोर्चे घेऊन जात, आणि नुकतेच रिटायर झालेले डोमाजी कुठल्या भागाची वीज कधी जाणार याचं वेळापत्रक माझ्या भिंतीवर चिकटवून एखाद्या पंचांगासारखं वाचत. ‘मंगळवारी सात ते नऊ हिंगणीकडलं सारं बंद. वा!’ असं एकदा ते दुकानात मोठ्यानं म्हणाले आणि गव्हाला पाणी न मिळालेला एक माणूस त्यांच्या अंगावर धावून गेला. मी मध्ये पडलो म्हणून बरं.

त्याच सुमाराला माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बोडख्यावर गेलो की डोमाजी आता स्वतः मोजत नसत. ‘तुमी मोजा, शेठ. तुमचे डोळे तयार झाले आता.’ मी सात म्हटलं की मान हलवत. एकदा मी मुद्दाम चार म्हटलं. त्यांनी तेवढीच मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि एका डोळ्यात त्याहून काही जास्त. ऑपरेशन लवकर करा म्हणाले. ‘सुनंदाचं लग्न झाल्यावर,’ डोमाजी म्हणाले. ‘पट्टी बांधून मांडवात कसा उभा राहू?’

लग्न ठरलं मे महिन्यातलं. मुलगा कारंज्याकडच्या एका गावचा, भाजीपाल्याची शेती असलेल्या घरातला, मवाळ स्वभावाचा. मुहूर्त काढताना डोमाजी पंचांग घेऊन मध्ये बसले आणि भटजींनी सुचवलेल्या दोन तारखा त्यांनी मोडल्या. ‘मुहूर्त चांगला हाय, पन चांद हाय.’ मुलाचा बाप चक्रावून गेला. शेवटी अवसेच्या अलीकडची एक तारीख निघाली. वऱ्हाडाची बस मोठ्या रस्त्यानं पुढे जाईल आणि नवरानवरीची जीप बोडख्यावरून जाईल, असं ठरलं. जीप माझ्या मेव्हण्याची, चालवणार मी.

मांडवात आहेर, रडारड, फोटो, सगळं यथासांग झालं. पाठवणी झाली तेव्हा दिवस मावळला होता. जीपमध्ये मागं नवरानवरी, पुढं माझ्याशेजारी डोमाजी, धुतलेलं धोतर नेसलेले. वाटेतली गावं त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे अंधारात होती. डोमाजी ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. सोळा वर्षं हे वाक्य तयार करत होते, तरी त्यांना ते पाठ होत नव्हतं.

बोडख्यावर मी इंजिन बंद केलं. चौघे खाली उतरलो. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. नवऱ्यामुलानंसुद्धा मुकाट ऐकलं. वारा पडला होता. खाटलं उत्तरेला अगदी उंच आलं होतं. मी मनात मोजलं, पुरे सात.

‘मधल्या चोराच्या बगलेत पाहा, बाई,’ डोमाजी म्हणाले. ‘घाई करू नको.’

‘मले दिसली,’ नवरामुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात लहान मुलाचा आनंद होता.

सुनंदानं डोळे बारीक करून पाहिलं, पदरानं पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, ‘काका, मले नाई दिसत. चष्मा पेटीत राह्यला.’

सुनंदाला आठवीपासून चष्मा होता. फोटो चांगले यावेत म्हणून मावशीनं सकाळीच काढून पेटीत ठेवला होता, आणि पेटी वऱ्हाडाच्या बसमध्ये होती. जिल्ह्यातला सगळा अंधार पालथा घालून झाला होता, चंद्र टाळला होता, वीज घालवणाऱ्यांशी जुळवून घेतलं होतं. नवरीचा चष्मा मात्र आम्हा कुणालाच सुचला नव्हता. दुसरी कुठली वेळ असती तर मी हसलो असतो.

‘राहू द्या ना,’ तीच म्हणाली. तिच्या आवाजात लाड होता आणि थोडं रडूही. ‘तुमाले तं दिसून राह्यली ना, काका? तुमी पाह्यल्याबिगर कधीच हाव म्हनत नाई. तुमी हाव म्हना, मंग मीबी हाव म्हनतो. आईले तसंच सांगन.’

मला ठाऊक होतं की डोमाजींना अरुंधतीच काय, धड खाटलंही दिसत नाही. मी मनात म्हणत होतो, म्हणा हो, एकदा म्हणा, पोरगी सुखानं सासरी जाऊ द्या. एका शब्दाचं काम होतं.

‘नाई,’ डोमाजी म्हणाले. ‘मले दिसत नाई.’

आणि मग, इतक्या वर्षांचं घोकलेलं सगळं सोडून, ते भलतंच बोलले. ‘तुया बापानंबी असंच इचारलं होतं, बाई. मी पाह्यलं नोतं. वर पाह्यलंच नाई मी, अन् हाव म्हनलो.’

नवऱ्यामुलाला काही कळलं नाही. ‘कधी जी?’ त्यानं विचारलं. सुनंदा माझ्यापासून दोन हातांवर होती, पण तिचं तोंड मला दिसलं नाही. फक्त बांगड्यांचा आवाज एकदा झाला आणि थांबला. मग ती चालत जाऊन जीपमध्ये बसली. डोमाजी दगडांवर ठेचकाळत मागून आले. सासरच्या गावी उतरताना ती माझ्या पाया पडली. डोमाजींच्या पाया पडली नाही.

त्यानंतर ती माहेरी आली तरी त्यांच्या घरी गेली नाही. तिच्या आईनंही दार लावून घेतलं. डोमाजींनी कुणालाही दोष दिला नाही. ऑपरेशनही केलं नाही. मी चारदा वेळ ठरवली, चारदा ते आले नाहीत. बोडख्याचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही. रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येत आणि ट्यूबलाइटखाली स्टुलावर बसत, दोन्ही डोळे उघडे ठेवून. ‘सांगून बरं वाटलं का?’ मी एकदा विचारलंच. त्यांनी नेहमीसारखा वेळ घेतला. ‘आजून पाहून राह्यलो,’ म्हणाले.

दीडएक वर्षानं, हिवाळ्यातल्या एका दुपारी, मी काउंटरवर वायर मोजून देत होतो. डोमाजी स्टुलावर होते. पायरीखाली कुणीतरी येऊन उभं राहिलं. पाहतो तर सुनंदा, खांद्यावर झोपलेलं लेकरू, हातात पिशवी. माझं तोंड उघडलेलं पाहून तिनं मान हलवली, बोलू नका म्हणून. ती डोमाजींकडे पाहत होती. त्यांच्यात आणि तिच्यात चार हात अंतर होतं. समोर स्टँडवर कारंज्याची बस लागली, कंडक्टरनं हाका मारल्या, बस निघून गेली. ती हलली नाही. मी गुपचूप एक खुर्ची पुढे सरकवली, तिच्यावरही ती बसली नाही. पुढची बस आली तेव्हा तिनं लेकरू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि रस्ता ओलांडून गेली.

‘कोन होतं, शेठ?’ बस गेल्यावर डोमाजींनी विचारलं. ‘मघापासून कोनी उभं होतं ना तिथी?’

‘सुनंदा होती.’

त्यांचे हात गुडघ्यांवर होते, ते तिथंच राहिले. ‘काय म्हने?’

‘काही नाही. नुसती उभी होती.’

‘कितीक वेळ?’

‘कारंज्याची एक बस सोडली तिनं. दुसरीनं गेली.’

‘त्या अर्ध्या अर्ध्या तासानं हायेत,’ डोमाजी म्हणाले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, ‘लेकरू होतं का कडेवर?’

‘खांद्यावर झोपलं होतं.’

‘वजन होते तेवढ्या वेळात,’ ते म्हणाले.

मग ते उठले, हातानं काउंटर चाचपत पायरीपर्यंत गेले, पायानं अंदाज घेत खाली उतरले आणि मला विचारलं, ‘इथी उभी होती का?’ मी म्हटलं, जरा डावीकडे. ते डावीकडे सरकले. आमच्याकडे तोंड करून, ऊन अंगावर घेत, ते तिथं उभे राहिले. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून येत होती आणि जात होती. मी दुकान बंद करेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.